मोत्याची भाकरी

जिंतूर तालुक्यांतील आमच्या बोरीच्या घरांत कुत्र्याला ओसरीच्या आंत मज्जाव होता. हा दंडक आईचा. सोंवळ्याओंवळ्याच्या बाबतींत ती इतकी कडक, कीं मोत्याचें शेपूट उंबऱ्याला लागलें तरी तिनें पाणी शिंपडावें. तीच आई गेल्या दोन वर्षांपासून त्याला स्वयंपाकघरांत पाटाशेजारीं बसवून घेते आणि "सकाळपासून उपाशी आहेस ना रे?" म्हणून भाकरी घालते. अर्ध्या तासानें पुन्हा घालते. दिवसांतून सहा-सात वेळां!

आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. 'साठी बुद्धि नाठी' म्हणून आपण ही व्याधि हंसण्यावारी नेतों; पण आलोइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं १९०६ सालीं जिची हकीकत विद्वानांपुढें मांडली, त्या बाईनें दुखणें जडलें तेव्हां साठीहि गांठली नव्हती. ही व्याधि बहुधा ताज्या आठवणी आधीं पुसते आणि मुरलेल्या संवयी मागाहून. जेवणापूर्वी कुत्र्याकावळ्यांचा घास काढावा, ही आईची जन्माची संवय शाबूत आहे. घास काढून झाला, एवढेंच तिला राहत नाहीं.

मोत्या फुगला, धापा टाकूं लागला. त्याहून वाईट म्हणजे देवापुढचे बेदाणे ती त्याला प्रसाद म्हणून देऊं लागली. परभणीस १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथें त्याला नेलें, तेव्हां कळलें कीं द्राक्षें-बेदाण्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात आणि कांद्यानें त्याचें रक्त बिघडतें. आम्ही सगळीं शिकलेलीं माणसें. पण हें एकालाहि ठाऊक नव्हतें.

दिवाळींत धाकटे बंधु आले, त्यांनीं निकाल दिला, "दादा, मोत्याला मळ्यांत पाठवा. तो पायांत घोटाळतो. आई पडली तर खुब्याचें हाड मोडेल." म्हणणें खोटें नव्हतें. मीं मान डोलावली. खरें सांगावयाचें तर मलाहि सुटल्यासारखें वाटलें.

दोन दिवस आईनें त्याचें नांवहि काढलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीला ती घरांत दिसेना. सांपडली ती मोटाररस्त्याच्या कडेला, अनवाणी, हातांत भाकरी. "वाघ्या, वाघ्या" अशा हांका मारीत होती. वाघ्या तिच्या माहेरचा कुत्रा. तो मरून साठ वर्षें तरी झालीं असतील. मीं तिला घरीं आणलें आणि त्याच रात्रीं मळ्यांतून मोत्यालाहि.

मग तोड काढली ती आमच्या कुटुंबानें. मोत्याची दिवसाची भाकरी सकाळींच कुसकरून एका डब्यांत ठेवावयाची. आईनें त्यांतून हवें तितक्या वेळां घालावें. डबा संपला कीं भाकरी संपली. "आई, आतांच तर घातलीस," हें वाक्य मात्र घरांत कोणी उच्चारावयाचें नाहीं. पहिले कांहीं महिने आम्ही तें दहादां उच्चारीत होतों, आणि आपल्याला खोटें ठरवितात म्हणून ती कोपऱ्यांत बसून रडत असे. त्या महिन्यांची मला अजून लाज वाटते. आतां बेदाणे, कांदे आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या वरच्या फळीवर असतात. मोत्याच्या गळ्यांत घुंगरूं आहे, म्हणजे तो पायांशीं आला कीं तिला ऐकूं येतें. रेबीजची लस दर वर्षीं न चुकतां टोंचून घेतों.

तें लशीचें उगाच लिहिलें नाहीं. गेल्या पौषांत मध्यरात्रीं उठून तिनें त्याला चोर समजून काठी मारली. तो गुरगुरला, दांत दाखविले, आणि कण्हत ओसरीवर गेला. तेव्हांपासून रात्रीं मधलें दार लावून घेतों. मुक्या जिवानें किती सोसावें, यालाहि सीमा आहे. पुन्हा काठी उगारली गेली, तर त्याला मळ्यांतच ठेवावयाचें, हें मीं मनाशीं ठरविलें आहे. घरांत अद्याप बोललों नाहीं.

सध्यां सकाळीं डबा उघडल्याचा आवाज होतो आणि आई हांक मारते. 'मोत्या' म्हणते कीं 'वाघ्या', याचा नेम नसतो. तो दोन्ही नांवांना उठून येतो.