हातभर अंतराचा गंध

माणसाला स्वतःचा वास येत नाही. येतो, पण थोडाच वेळ. एकच गंध सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याला सरावतं आणि मेंदूही तो बाजूला सारतो, कारण त्याला नव्या वासांसाठी जागा मोकळी ठेवायची असते. धूर कुठून येतोय, अन्न आंबलंय का, पाऊस जवळ आलाय का, हे कळायला हवं असतं. आमच्या रनाळे गावच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. हिवाळ्यात आमच्याकडून नंदुरबारला निघालं की शहराच्या अलीकडे-पलीकडे मिरचीच्या पथारी लागतात. नजर जाईल तिथवर लाल. पाहुणा गाडीच्या काचा वर करतो, खोकतो, डोळे पुसतो. पथारीवर मिरची उलथणाऱ्या बायका तोंडाला रुमाल बांधून दिवसभर तिथेच असतात. संध्याकाळी त्या घरी येतात, लेकरू धावत येऊन बिलगतं आणि शिंकायला लागतं. आपल्या पदरात आपण काय भरून आणलंय, हे त्या आईला लेकराच्या शिंकेवरून कळतं.

सभा, बैठक, मुलाखत, चर्चासत्र अशा कामाच्या ठिकाणी जाताना कोणता गंध लावावा, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला या पदरात सापडतं. आपण लावलेलं अत्तर आपल्यापुरतं दहा-पंधरा मिनिटांत विरतं; शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ते चहाची सुट्टी होईपर्यंत पुरतं. शिवाय त्याला उठून जाता येत नाही. लग्नाच्या मांडवात एखाद्याचा सेंट डोक्यात गेला तर आपण दुसऱ्या पंगतीला बसतो. बैठकीत खुर्च्यांवर नावांच्या पाट्या असतात, दारं बंद असतात आणि एसी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत असतो. दमा किंवा अर्धशिशी असलेल्या माणसाला अशा खोलीत उग्र सुगंधाचा त्रास होतो, हे डॉक्टर सांगतातच. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात तर १९९० च्या दशकापासून दवाखाने, शाळा आणि कचेऱ्यांमध्ये सुगंधी द्रव्यं लावून येऊ नका, असा आग्रह धरला जातो. इतकं टोक गाठावं असं मला वाटत नाही. पण माझा गंध माझ्यापासून हातभर अंतरावर थांबायला हवा, एवढी मर्यादा मी मनाशी धरली आहे. हस्तांदोलनाला जवळ आलेल्याला तो जाणवावा आणि टेबलापलीकडच्याला त्याचा पत्ताही नसावा.

हा प्रश्न मला पुन्हा नव्याने विचारला तो माझ्या भाचीने. बँकेच्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, “मावशी, सेंट कोणता मारू?” तिच्या मारण्यात जोर होता, आणि त्या जोरामागची भीती मला ओळखीची होती. आमच्या भागातली मुलं-मुली शहरात कामासाठी जातात तेव्हा अंगावर भरपूर सेंट फवारतात, ते नटायची हौस म्हणून नव्हे. एस.टी.तली धूळ, मेमधलं बेचाळीस अंशांचं ऊन, चुलीचा धूर, गोठा, कापसाच्या गंजीचा वास, यातलं काही आपल्याबरोबर त्या काचेच्या दारातून आत जाईल का, याचा तो धसका असतो. वास ही समोरच्याच्या हातातली फार क्रूर मोजपट्टी असते. कपड्यांबद्दल, उच्चाराबद्दल निदान बोलता येतं. वासाबद्दल कुणी बोलत नाही, नुसती मान वळवतं. म्हणून या मुलांना ‘एवढा कशाला मारता’ असं म्हणणं मला जमत नाही. त्यांना गावाची लाज वाटू नये, हे आधी आणि सेंटचं नंतर.

भाचीला मी सांगितलं ते साधं होतं. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर काम करतात तेव्हा तो येतो. त्यामुळे घामावर सेंट मारला की दोन्ही वास एकत्र होतात, एकही जात नाही. स्वच्छ आंघोळ, कडक उन्हात वाळलेला सुती कुडता आणि रुमालात बांधून नेलेला दुसरा कुडता, जो तिथल्या स्वच्छतागृहात बदलायचा. हे झालं की गंधाचं काम फार थोडं उरतं. मग तो थोडाच लागतो.

थोडा म्हणजे किती, हे बाटलीवरच लिहिलेलं असतं, पण आपण वाचत नाही. ओ द कोलोन म्हणून विकलं जातं त्यात सुगंधी तेलाचं प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असतं, ओ द त्वालेतमध्ये पाच ते पंधरा आणि ओ द पार्फ्युममध्ये पंधरा ते वीस टक्के. बाकीचा बहुतेक अल्कोहोल. कामाच्या जागी पहिली दोन पुरेशी. लावायचंही अर्धा तास आधी, म्हणजे अल्कोहोलचा झणका आणि लिंबू-संत्र्यासारखे हलके, पटकन उडणारे गंध घरीच उडून जातात आणि मागे राहतं ते त्या सुगंधाचं खरं अंग. कपड्यावर फवारण्यापेक्षा कपड्याखाली, छातीशी किंवा कोपराच्या आत लावलं की देहाच्या उष्णतेने ते हळूहळू वर येतं आणि कापड त्याला आवर घालतं. आमच्या उन्हाळ्यात हे विशेष पाळावं लागतं. पुण्यात जानेवारीत शोभणारी मात्रा नंदुरबारला एप्रिलमध्ये भडकते, कारण उष्णतेने सगळंच वेगाने उडतं.

मात्रेपेक्षा अवघड भाग आठवणींचा आहे. कोलोन हे नाव जर्मनीतल्या कलोन शहराचं; फरीना घराण्याचा सुगंधाचा व्यवसाय तिथे १७०९ साली सुरू झाला. युरोपात ते ताजेपणाचं पाणी. पण माझ्या वयाच्या किती तरी मराठी माणसांना ‘कोलन वॉटर’ म्हटलं की ताप आठवतो. कपाळावर ओल्या पट्ट्या, उशाशी बसलेली आई, अर्धवट मिटलेल्या खिडक्या. उत्तम प्रतीचं कोलोन लावून कुणी शेजारी बसलं तरी मला क्षणभर आपण आजारी असल्यासारखं वाटतं. यात त्या माणसाचा दोष नाही आणि कोलोनचाही नाही. मोगरा काहींना गजऱ्याची संध्याकाळ देईल, काहींना एखाद्या घरातलं शेवटचं दर्शन. चंदनात कुणाला देवघर दिसतं, कुणाला म्हैसूरचा साबण. कामाच्या ठिकाणी आपल्याला समोरच्याच्या आठवणी माहीत नसतात. तिथे गंध हलका ठेवणं म्हणजे त्या अनोळखी आठवणींना उगाच धक्का न लावणं. सौम्य गंधाच्या बाजूने यापेक्षा मोठं कारण मला सुचत नाही.

आपल्याकडे कामकाजाच्या प्रसंगी सुगंध नव्हता असं नाही, उलट त्याला ठरलेली जागा होती. पेशवाईत दरबार आटोपताना विडा आणि अत्तर-गुलाब दिला जाई. हातावर अत्तर आलं म्हणजे भेट संपली, आता उठायचं. इंग्रजांनीही ही चाल उचलली. व्हाइसरॉयच्या दरबारात शेवटी अत्तर-पान होई आणि कुणाला ते कुणाच्या हातून मिळालं, खुद्द व्हाइसरॉयच्या की त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, यावर संस्थानिकांचा मान मोजला जाई. ती उतरंड मला नको आहे. पण त्या रिवाजातल्या दोन गोष्टींवर मी पुष्कळ विचार केला आहे. एक म्हणजे अत्तर यजमानाचं असे. त्या दिवशीचा गंध सभेचा होता, एकट्याचा नव्हता. वीस माणसांचे वीस सेंट एका खोलीत भांडत नव्हते. आणि दुसरी म्हणजे अत्तर शेवटी मिळे. बोलणी चालू असताना हवा मोकळी, निघताना मनगटावर एक बोट सुगंध, जो वाटेत त्या भेटीची सोबत करी. आमच्या गावातल्या लग्नांत मांडवाच्या तोंडाशी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन उभं राहणारं माणूस मी पाहिलं आहे. पाहुण्याने हात उपडा करून पुढे करायचा, मागच्या बाजूला अत्तराचा ओघळ, वरून गुलाबपाण्याचे थेंब. गरीब-श्रीमंत सगळ्यांना त्याच कुपीतलं.

आता मी स्वतः काय लावते ते सांगते. वाळा आणि तिखाडी.

वाळा सगळ्यांना माहीत आहे, माठातला. त्याच्या मुळांचं तेल दाट असतं, फार सावकाश उडतं आणि कातडीला धरून राहतं, म्हणून अत्तर करणारे दुसऱ्या चंचल गंधांना धरून ठेवायला त्याचा उपयोग करतात. तिखाडी मात्र नव्या पिढीला सांगावी लागते. रोशा गवत ते हेच. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर आणि खानदेशातल्या माळांवर ते वाढतं. पात चुरगाळली की गुलाबाची आठवण यावी असा वास येतो, पण त्यात लिंबाची आणि ओल्या गवताची एक हिरवी कड असते. शास्त्रज्ञांनी त्याला सिम्बोपोगॉन मार्टिनी म्हटलं, ते जनरल क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनानीवरून. त्याने टिपूविरुद्धच्या मोहिमेत हे गवत पाहून त्याचं बी जपलं होतं. याच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया. अत्तराला मोतिया चांगली. गवत फुलोऱ्यावर आलं की कापायचं, ओढ्याकाठी भट्टी लावायची, भांड्यात गवत आणि पाणी उकळायचं आणि वाफ नळीतून गार पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात न्यायची. वर तरंगतं ते तेल. साधारण दोनशे किलो ओल्या गवतातून किलोभर मिळतं. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटिअरमध्ये या तेलाच्या धंद्याची नोंद आहे, आणि त्यात आमचा हा पश्चिमेकडचा भाग आघाडीवर होता.

हे तेल जायचं कुठे? मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला, आणि तिथून बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीला. किलोभर गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात, आणि गुलाबाच्या वासात ज्याचा मोठा वाटा तो जिरॅनिऑल हा घटक रोशाच्या तेलात पंचाहत्तर टक्क्यांच्या वर सापडतो. म्हणजे युरोपातल्या एखाद्या दिवाणखान्यात ‘काय गुलाब आहे’ म्हणून वाखाणलेल्या सुगंधात खानदेशच्या माळावरचं गवत असू शकत होतं. ते तिथे दुसऱ्याच्या नावाने वावरलं. आणि घरी? घरी आम्ही ते म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना चोळलं. माझी आजी रात्री तिखाडीचं तेल लावून घ्यायची आणि पाय पसरून म्हणायची, “आते बरं शे.” त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला हा वास आला की त्याच्या मनात संधिवात येतो. मला यात दुःख होतं. ज्या गंधासाठी जहाजं भरून गेली तो आपल्याला दुखण्यापलीकडे ओळखता येऊ नये, आणि मुलाखतीला जाताना आपल्या मुलींनी कुठल्या तरी परक्या फळांच्या वासाचा डबा अंगावर रिकामा करावा, हे मला पटत नाही.

मी करते ते एवढंच. चमचाभर खोबरेल तेलात तिखाडीचा एक थेंब आणि वाळ्याचा अर्ध्याहून कमी. त्यातलं बोटाच्या टोकाला येईल तेवढं कोपराच्या आत. तिखाडी नुसती, पातळ न करता, कातडीला लावू नये. जिरॅनिऑल काहींना सोसत नाही. युरोपात प्रसाधनात ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर लिहावंच लागतं. म्हणून आदल्या दिवशी हाताला लावून पाहावं. सकाळी दहाला लावलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिखाडी बहुतेक गेलेली असते, मागे वाळ्याचा मातकट थंडावा राहतो. दुपारनंतर तोही नाही. कामाच्या दिवसाला यापेक्षा जास्त सुगंध लागत नाही.

भाचीने दुसऱ्या दिवशी हेच लावलं. निकालाशी त्याचा काही संबंध जोडायचा नाही. पण रात्री फोनवर ती सांगत होती की प्रतीक्षागृहात शेजारी बसलेल्या सातपुड्याकडच्या मुलीने तिला विचारलं, “हा वास आमच्या डोंगरातला आहे ना?” आणि मग दोघींचं बोलणं सुरू झालं, गावांचं, प्रवासाचं, अभ्यासाचं. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. त्या मुलीने भाचीचा वास ओळखला आणि मान वळवली नाही.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्याकडे महिला बचत गटांचा एक मेळावा ठरतोय आणि तयारीच्या बैठकीत मी एक गोष्ट सुचवली आहे. व्यासपीठावर प्लॅस्टिकच्या कागदातले पुष्पगुच्छ द्यायचे नाहीत, सभागृहात फवारा मारायचा नाही. कामकाज संपल्यावर, चहाच्या वेळी, दाराशी दोघीजणी तिखाडीचं पातळ केलेलं तेल घेऊन उभ्या राहतील. जिला हवं तिने हात पुढे करावा, जिला दम्याचा त्रास आहे तिने नुसता नमस्कार करून पुढे जावं, कुणी आग्रह करायचा नाही. अध्यक्षांना आणि शेवटच्या रांगेतल्या बाईला एकाच वाटीतलं. सगळ्यांनी मान्य केलं. वाद उरलाय तो तेलाचा: तिळाच्या तेलाला स्वतःचा वास असतो, तो तिखाडीवर चढेल, आणि आमच्या डिसेंबरात खोबरेल वाटीतच गोठतं. मी दोन्ही नमुने करून पुढच्या बैठकीला नेणार आहे.