अडगळ

दिवाळीपूर्वीची झाडलोट सुरू झाली आणि माळ्यावरचे सामान खाली आले, की घरातील माणसांची खरी परीक्षा होते. 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून आपण वस्तू जपून ठेवतो. पण तो दिवस सहसा उगवत नाही.

आमच्या घरी जुने कपडे बोहारीण नेते व मोबदल्यात भांडे देते. वर्तमानपत्रे रद्दीवाला तोलून घेतो. फुटकी पितळी भांडी मोडीत जातात आणि वितळून नवे रूप घेतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात तर जुनी पाठ्यपुस्तके विकली जाऊन दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती पडतात.

मुलांनो, पडवीत गंजत पडलेली माझी सायकल मी विकली. पैसे थोडेच मिळाले. पण आज एक मुलगा तिच्यावरून रोज शाळेला जातो. वापरणारा भेटला, की वस्तूला पुन्हा जीव येतो.

आईचे जाते मात्र मी विकले नाही. त्याच्या घरघरीबरोबर आई पहाटे ओव्या गात असे. अशा एखाद्या वस्तूला घरात मानाची जागा मिळावी, म्हणूनच उरलेल्या अडगळीला वेळीच निरोप द्यावा.