भामेच्या डोहावर गळ टाकताना

सुट्टी आली की आम्ही चाकणच्या वस्तीतली चार घरे गळ, दोरी आणि कणकेचा गोळा घेऊन भामा नदी गाठतो. भामा-आसखेड धरणाच्या पलीकडे एस.टी. सोडली की पुढे दगडांतली पायवाट. मुलांना हात देतच डोहावर उतरावे लागते. एवढ्या लांब कशाला? जवळच्या इंद्रायणीत शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी उतरते, पाण्यावर फेस तरंगतो.

भामेत मरळ, चिलापी गळाला लागते. मान मात्र महसीरचा! पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाला साईक्स साहेबाने १८३९ साली शास्त्रीय नाव दिले, तेही इथल्या बोलीतले : खुद्री.

पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वरच्या अंगाला चढतात. तेव्हा गाभोळीची मासळी लागली तर आम्ही ती पाण्यात सोडतो. पंचशील म्हणणाऱ्या मुलांना करुणेचा धडा तिथे मिळतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन आपला हक्क बजावला. तो हक्क घाण पाण्यावरचा नव्हता. नदी नासत असेल तर वस्तीने एकजुटीने जाब विचारलाच पाहिजे. जयभीम!