सनाखालची शंकरपाळी

बोरीबंदरला उतरून जी.पी.ओ. मागे टाकले आणि शहीद भगतसिंग मार्गाने चालू लागले की थोड्याच अंतरावर रिझर्व्ह बँक लागते. तिच्यासमोर दगडी खांबांची जी जुनी वास्तू आहे ती मुंबईची टांकसाळ. कंपनी सरकारच्या काळात, १८२० च्या दशकात ती उभी राहिली. आपले बांधव कामानिमित्त या रस्त्याने रोज जातात, पण मान वर करून पाहणारे थोडे. आत जाता येत नाही हे खरे, मात्र तिची सही आपल्या खिशात असते.

कोणतेही नाणे घ्या आणि सनाच्या आकड्याखाली बारकाईने पाहा. शंकरपाळीसारखी चौकट असेल तर ते मुंबईचे. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे. गोल ठिपका म्हणजे नोएडा; तेथे १९८८ पासून नाणी पडू लागली. काहीच नसेल तर कोलकात्याचे. पहिली टांकसाळ म्हणून कोलकात्याने खूण घातलीच नाही, हा मोठेपणाही गमतीचाच! १९८५ च्या काही रुपयांवर इंग्रजी एच दिसतो, ते बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीत पाडलेले. १९९९ च्या पाच रुपयांच्या काही नाण्यांवर मॉस्कोची अक्षरे आहेत. आणि आजीच्या गाठोड्यात १९४४-४५ चा, बारीक एल असलेला रुपया निघाला तर तो लाहोरचा. ती टांकसाळ १९४७ मध्ये पाकिस्तानात गेली.

या टांकसाळीशी आपले आणखी एक नाते आहे. पूर्वी कोणीही चांदी घेऊन येथे यावे आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. १८९३ साली सरकारने जनतेसाठी ती बंद केली, स्वतःसाठी मात्र चालू ठेवली. बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयावरील ग्रंथात नेमके यावरच बोट ठेवले. जनतेला बंद तशी सरकारलाही टांकसाळ बंद करा, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारला वाटेल तितके रुपये पाडता आले तर रुपयाची किंमत घसरते आणि पगारावर जगणाऱ्याचे पोट मारले जाते.

पुढे जन्मशताब्दीनिमित्त १९९० सन असलेल्या एक रुपयाच्या नाण्यावर बाबासाहेबच आले. तांबे-निकेलचे, सहा ग्रॅमचे हे नाणे अनेक घरांत देव्हाऱ्याइतक्या जपणुकीने ठेवलेले आहे. २०१५ साली १२५ व्या जयंतीनिमित्त दहा रुपयांचेही निघाले. नेमके याच नाण्यांवर आता ठगांची नजर आहे. "तुमच्याकडे शताब्दीचा रुपया आहे? लाखात विकून देतो, आधी फी भरा," असे फोन वस्तीतल्या बायाबापड्यांना येतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीरच केले की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी बँक कसलीही फी किंवा कमिशन घेत नाही, तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. चौकट दिसली म्हणून नाणे दुर्मिळ ठरत नाही. मुंबईने अशी नाणी ढिगाने पाडली आहेत. असा फोन आला तर फी भरू नका. ते नाणे मुलांच्या हातात द्या, भिंग द्या आणि सनाखाली काय आहे ते त्यांनाच शोधू द्या.