सुगडं, डाळ आणि पाचशे रुपये

सोसायटीच्या पावतीपुस्तकातली एक पावती मी कपाटात जपून ठेवली आहे. रक्कम रुपये पाचशे. तपशिलाच्या रकान्यात लिहिलंय, "पाण्याचा अपव्यय (झाडे)". कंसासकट. मेन्टेनन्सच्या पावत्या मी वर्ष संपलं की रद्दीत घालते. ही घातलेली नाही आणि घालणारही नाही.

आम्ही नवीन पनवेलला राहतो. उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल पनवेलकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गावात वडाळे, कृष्णाळे, इस्राएल अशी तळी आहेत, गाढी नदीवर देहरंगचं धरण आहे. आणि तरी एप्रिल लागला की टँकर. १८५२ सालची नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली, माणसं वाढली, टॉवर वाढले, धरण होतं तेवढंच राहिलं, उलट गाळाने उथळ झालं. हे सगळं पेपरात येतंच.

मी डबे देते. त्यामुळे टँकर आला हे मला गेटवरून नाही, कुकरवरून कळतं. नळाच्या पाण्यात तूरडाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते. टँकरच्या पाण्यात सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचं असतं, म्हणजे जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, मग डाळ फुटायचं नाव घेत नाही. यावर लोक खायचा सोडा घालतात. चिमूटभर घातला तर डाळ शिजते, पण ब-१ जीवनसत्त्व जातं, आणि हात जरा सैल सुटला की वरणाला साबणाचा वास येतो. मी सोडा घालत नाही. डाळ भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घेते, बाकी सगळ्याला टँकरचं. आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच, कारण आंबट लागलं की डाळ आखडते. मिठाबद्दल मात्र आपल्या आया चुकीचं सांगत आल्या. कडधान्य भिजत घालतानाच पाण्यात मीठ टाकलं तर साल मऊ पडते. राजमा नाहीतर चवळी करून बघा. माझ्या आईला हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, तिने ऐकलंही नसतं.

आणखी एक. दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून कुकर तसाच जुन्या गोधडीत गुंडाळायचा आणि अर्धा-पाऊण तास विसरून जायचं. आतल्या वाफेवर उरलेलं शिजतं. सिलिंडर किती दिवस जास्त जातो ते ज्याचं त्याने बघावं. माझा जातो.

समोरच्या फ्लॅटमधल्या अम्मा तमिळ आहेत. त्यांची मे महिन्यातली तक्रार कॉफीची. डिकॉक्शन नेहमीसारखं उतरत नाही, चव सपाट लागते, म्हणून त्या माटुंग्याच्या कॉफीवाल्याला नावं ठेवायच्या. दोष पाण्याचाच. जड पाण्यातले क्षार कॉफीतला हलका आंबटपणा मारून टाकतात आणि मागे नुसता कडवटपणा राहतो. शिवाय त्यांच्या फिल्टरच्या बारीक भोकांत पांढरा थर धरला होता. लिंबाच्या पाण्यात तो रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी ब्रशने घासला, भोकं मोकळी झाली. मग पाणी पिण्याचं, तेही उकळी फुटल्याबरोबर न ओतता अर्धा मिनिट थांबून, आणि पावडर कोंबून न दाबता वरून नुसती थोपटून. अम्मांनी मला पहिला टम्बलर दिला तेव्हा बोलल्या काही नाहीत, पण दुसराही दिला. आपल्या मराठी घरातल्या जायफळ-वेलचीच्या कॉफीला हा प्रश्न कधी येत नाही, कारण तिच्यात पाणी नसतंच.

कॉफीचा चोथा झाडांना घाला, असं सगळे एकमेकांना सांगत असतात. कुंडीत थेट आणि जाड थराने घालू नका. वरती पापुद्रा धरतो, पाणी आत जात नाही, रोप खुरटतं. तो कंपोस्टच्या डब्यात सुक्या पानांबरोबर मुरू दे, मग घाला.

आता झाडं. तुळस, कढीपत्ता, मोगरा, गवती चहा, पानओवा, दोन मिरच्या. सगळी खिडकीच्या ग्रिलमध्ये. यांना मी नळाचं पाणी उन्हाळ्यात एक तांब्यासुद्धा घालत नाही, हे वाचकांनी नीट लक्षात ठेवावं, कारण पुढे त्याचाच दंड आहे. डब्यांसाठी रोज किलो-दोन किलो तांदूळ धुतले जातात. पहिलं पांढरं पाणी बादलीत, तेच झाडांना. त्याच दिवशी घालायचं, ठेवलं तर आंबतं आणि चिलटं येतात. आरओ मशिनच्या बारक्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालायचं नाही. गाळून मागे राहिलेले सगळे क्षार त्यातच असतात, काही आठवड्यांत मातीवर पांढरी साय येते. ते लादी पुसायला आणि संडासात. (खरं तर पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओ नकोच, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. नळाचं पाणी असतं तेव्हा आरओवाल्याचा मीटर आमच्याकडे पाचशेच्या कितीतरी खालीच थांबतो. तरी मशीन घरोघरी आहे. आमच्याही.)

तेवढं पाणी मे महिन्यात पुरत नाही. म्हणून सुगडं. संक्रांत झाली की प्रत्येक घरात पाच-पाच सुगडं रिकामी होतात. लोक ती वडाखाली नाहीतर नदीत नेऊन टाकतात. मी शेजारणींकडून गोळा केली. लाल, रंग न लावलेली सुगडं कुंडीत गळ्यापर्यंत पुरायची, तांदळाचं पाणी गाळून आत भरायचं, वर दिवाळीतली पणती उलटी झाकायची. पाणी मातीच्या भिंतीतून पाझरतं आणि माती जितकी सुकेल तितकंच ओढलं जातं. वरून घातलेलं पाणी निम्मं उन्हाने जातं, निम्मं खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. सुगडातलं मुळाशीच राहतं. हा शोध मी लावला असं माझं म्हणणं नाही. मडकी पुरून पाणी द्यायची रीत चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पोथीत आहे. सुगड आणि पणती ही जोडी मात्र माझी.

तर एका मे महिन्यात नोटीस लागली, टँकरचं पाणी झाडांना व गाड्यांना वापरू नये, दंड पाचशे. नोटीस योग्यच होती. मीही वाचून मान हलवली. दोन दिवसांनी सकाळी कमिटीचे तिघे फेरीवर निघाले. मी ग्रिलशी वाटी घेऊन सुगडं भरत होते. खालून हाक आली, "काकू, काय चाललंय?" मी म्हटलं, तांदूळ धुतलेलं पाणी आहे, वर या आणि बघा. वर कोणी आलं नाही. संध्याकाळी वॉचमन चिठ्ठी घेऊन आला.

मी बादली घेऊन सेक्रेटरींच्या दारात गेले. पांढरं पाणी, तळाला चार तांदूळ. ते म्हणाले, "काकू, पाणी ते पाणी. नियम सगळ्यांना सारखा." मी विचारलं, मग हे तांदूळ न धुता शिजवू का? ते हसले. त्या हसण्याचे पाचशे वेगळे लावायला हवे होते. तोच महिना, तीच इमारत. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बिघडलेला. वॉचमन पहाटे पंप लावून चहाला जायचा आणि टाकी भरून वाहायची. भिंतीवरून ओहोळ उतरून पार्किंगमध्ये मोटरसायकली धुतल्या जायच्या, विनादंड. मी ग्रुपवर फोटो टाकला. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने सुप्रभातचं फूल टाकलं. तिसरे म्हणाले, बॉलकॉकचा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. एक बॉलकॉक काही शेकड्यांत येतो, प्लंबर अर्ध्या तासात बसवतो. तो पुढच्या मीटिंगलाही बसला नाही.

गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी मी तेव्हा मुळापासून वाचले. दंड करायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस, सदस्याचं म्हणणं ऐकणं, मग विषय सर्वसाधारण सभेपुढे, असा रस्ता आहे. चिठ्ठी, वॉचमन, पावती असा नाही. मी तसं पत्र लिहिलं, सुगडातलं पाणी मुळांपर्यंत कसं पाझरतं तेही त्यात समजावून सांगितलं. आमचे हे म्हणाले, पाचशे रुपयांसाठी तू शंभर रुपयांचे झेरॉक्स काढणार. पत्राला उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्याच्या बिलात दंड व्याजासह चढला. मी भरला. न भरता भांडायला हवं होतं असं काही जणी म्हणतात. त्यांना रोज त्याच लिफ्टने खाली उतरायचं नसतं.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसले ती. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला होता. विषय होता "आपली सोसायटी, हरित सोसायटी". चौथ्या चित्रावर शीर्षक आलं, "सुगड सिंचन प्रणाली". खाली फोटो, ग्रिल, कढीपत्ता, सुगड, त्यावर कडेला टवका उडालेली पणती. पणती माझी, टवकाही माझा. फोटो बहुधा दंडाचा पुरावा म्हणून खालून काढलेला, कारण कोन तसाच होता. सेक्रेटरींनी पाझर, मुळं, बाष्पीभवन सगळं व्यवस्थित समजावलं. ती माहिती माझ्या पत्रातली, वाक्यंसुद्धा. मग पाहुण्यांच्या हस्ते कमिटीला शाल आणि श्रीफळ. त्यानंतर सगळे छत्र्या उघडून बागेत गेले आणि नव्या सुगडांमध्ये पाणी ओतून उद्घाटन झालं. ऑगस्टमध्ये. पनवेलच्या पावसात. सिंचनाचं.

मी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या, याचं मला आजही नवल वाटतं. शेजारच्या अम्मांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या मात्र हात मांडीवर ठेवून बसल्या.

बाईने ओट्यापाशी केलं की काटकसर, पडद्यावर दाखवलं की प्रणाली. हे मी त्या दिवशी घरी येऊन तीन वेळा बोलले. तरी दुसरं टोकही मला दिसतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला. द्राक्षवाले शेतकरी आपापले प्रयोग एकमेकांना पत्रांनी उघड सांगत गेले, लपवलं नाही, म्हणून सगळ्यांचंच पुढे गेलं. त्यांच्याच वाटेने मुंबई पोर्ट ट्रस्टचं कॅन्टीन सांभाळणाऱ्या प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यावर गच्चीवर बाग फुलवली आणि येईल त्याला शिकवली. या लोकांनी नाव कुठे मागितलं? मग माझं सुगड कोणी उचललं तर मला का लागावं? लागतं. नाव नको होतं, पाचशे परत हवे होते.

बागेतली सुगडं मात्र चालली नाहीत. ती घाऊक आणली होती, काळा चकचकीत रंग दिलेली. रंगाने मातीची छिद्रं बुजतात, पाणी आतच राहतं. पावसाळ्यात कळलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये सुगडं काठोकाठ भरलेली आणि शेजारी जास्वंदी वाळलेल्या. वॉचमन भरलेल्या सुगडांत रोज पाणी घालायला यायचा आणि तसाच परत जायचा. मी खिडकीतून बघायचे. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

मग सेक्रेटरींची सून आली. नवीन लग्न होऊन आलेली, नाशिककडची, झाडांची हौस असलेली. म्हणाली, "काकू, आमची सुगडं पाणीच सोडत नाहीत. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, सोडतात." तिला आत बोलावलं, कॉफी दिली, जायफळाची. लाल सुगड आणि काळं सुगड शेजारी ठेवून दाखवलं. लाल सुगड पाणी भरल्यावर थोड्या वेळात बाहेरून गडद, ओलसर होतं, ते झालं नाही तर पुरू नकोस, असं सांगितलं. डाळीचंही सांगितलं, कारण त्यांच्याकडेही तोच टँकर.

तिने विचारलं, मग ही काळी टाकून द्यायची का? टाकायची कशाला. तळाला भोक पाडून पुदिना लाव. सुगड आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, उलटं करून ओल्या फडक्यावर धर आणि खिळा हलक्या हाताने फिरवत फिरवत ठोक. कोरड्यावर ठोकलंस तर सरळ दोन तुकडे होतात.