पद्मिनीचा चोक

डोंबिवलीत थंडी म्हणजे पहाटे स्वेटर आणि अकरा वाजता घाम. तरी तेवढ्यात गाडीचे नखरे सुरू होतात. आज सकाळी निघालो तर समोरची काच आतून धुरकटलेली. बायको फडक्याने पुसायला लागली. म्हटलं, एसी लाव. थंडीत एसी कसला, असं तिने बघितलं. पण एसी आतली दमट हवा कोरडी करतो. काच लगेच निवळली.

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला हे लाड नव्हते. चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, नाहीच चालू झाली तर शेजाऱ्यांना धक्का मारायला हाका. प्रीमियरचा एक कारखाना इथेच होता, कल्याण-शीळ रस्त्यावर. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९सुद्धा बनायची. आता त्याच रस्त्यावर गाड्या नुसत्या उभ्या असतात. त्यात लग्नसराई! काटई ते शीळफाटा क्लच दाबून दाबून डावी पोटरी भरून येते. या भागात ऑटोमॅटिकच घ्यावी, हे माझं ठाम मत. मायलेजवाल्यांनी खुशाल बोंब मारावी.

२०२४मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाला, तेव्हापासून ठाणं जवळ आलं म्हणतात. खरंय, माणकोलीला हायवेला लागेपर्यंत.