नकाराचा हिशेब

कंजूष माणूस म्हटला की आपल्याला आधी हसू येतं. अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ पाहताना मराठी प्रेक्षक पोट धरधरून हसला. त्या नाटकातला कंजूष म्हातारा मुळातला फ्रान्समधला, मोलिएरचा. पण चिकटपणाला पासपोर्ट लागत नाही. त्याच्या वागण्यात एक निरागसपणा आहे. पैसा हातून सुटत नाही म्हणून तो देत नाही, बस्स. कारणं सांगायच्या भानगडीत तो पडत नाही.

एबनेझर स्क्रूज मात्र कारणं सांगतो, आणि म्हणून त्याची भीती वाटते. डिसेंबर १८४३ मध्ये चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्यात नाताळच्या आदल्या दिवशी, दाट धुक्यात, दोन सद्‌गृहस्थ स्क्रूजच्या पेढीवर येतात. पलीकडच्या कोंदट खोलीत त्याचा कारकून एवढ्याशा विस्तवावर कुडकुडतो आहे. पगार आठवड्याला १५ शिलिंग. पाहुण्यांची मागणी साधी आहे: थंडीचे दिवस आहेत, गोरगरिबांच्या पोटाची आणि उबेची सोय करतो आहोत, आपल्या नावापुढे किती लिहू?

स्क्रूज उलट चौकशी करतो. तुरुंग चालू आहेत ना? गरिबांची वर्कहाउसं? मग त्यांच्यासाठी मी पैसे भरतोच. ज्यांची अडचण आहे त्यांनी तिकडे जावं. पाहुणे सांगतात की तिथे जाण्यापेक्षा पुष्कळांना मरण परवडेल. त्यावर स्क्रूजचं उत्तर तयार असतं: मग मरावं, तेवढीच जादा माणसं कमी होतील.

हे उत्तर त्याच्या घरचं नाही, त्या काळच्या शहाण्यासुरत्यांचं आहे. इंग्लंडात १८३४ साली गरिबांसाठी नवा कायदा झाला होता. त्या कायद्याच्या वर्कहाउसात नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. तिथलं जिणं मुद्दामच इतकं कडू ठेवलेलं, की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडू नये. डिकन्सला हे जग ऐकीव नव्हतं. १८२४ साली कर्जापायी वडील मार्शलसीच्या तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगा बुटांच्या काळ्या पॉलिशच्या डब्यांवर लेबलं चिकटवत होता.

आणि ती ‘जादा माणसं’? त्या विचारामागे उभे होते लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असं सांगणारे माल्थस. हे गृहस्थ हेलीबरीच्या कॉलेजात वर्षानुवर्षं अर्थशास्त्र शिकवत, आणि त्या कॉलेजात तयार होत ते कंपनी सरकारचे हिंदुस्थानातले अधिकारी. म्हणजे स्क्रूजच्या पेढीतून निघालेली वाट थेट आपल्या दख्खनपर्यंत येते.

माल्थस गेल्यानंतर त्याच कॉलेजातून रिचर्ड टेंपल बाहेर पडले. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून जहाजं भरभरून तांदूळ आणवला आणि माणसं जगवली. शाबासकी मिळायची, तर उधळपट्टीचा ठपका आला. मग १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला. आता टेंपल हात आखडून बसले. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या गड्याला दिवसाकाठी एक पौंड धान्याचा दर त्यांनी ठरवला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. वर किरकोळ पैसे. मुंबई इलाख्यातले हजारो मजूर हे ऐकून कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवली, सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. सरकारचा जीव ताळेबंदात अडकला होता. त्या दुष्काळात माणसं लाखांनी मेली.

स्क्रूजला एका रात्रीत भुतं भेटली आणि तो उदार झाला. टेंपलना वरिष्ठ भेटले, आणि उदार माणसाचा स्क्रूज झाला. कादंबरी आणि इतिहास यांत एवढाच फरक.

कादंबरीतला स्क्रूज दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्या दोघांतल्या एका सद्‌गृहस्थाला गाठतो आणि त्याच्या कानात एक आकडा सांगतो. तो आकडा डिकन्स वाचकाला कळू देत नाही. स्क्रूज एवढंच म्हणतो, की यात मागची बरीच बाकी धरलेली आहे. दानाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही. द्यायचं ते उपकार म्हणून नव्हे, थकलेलं देणं म्हणून.

तरीही दारात आलेल्या प्रत्येकाला देणं कुणालाच जमत नाही. खिसा रिकामा असतो, मन नसतं, कधी मागणाऱ्यावर विश्वास बसत नाही. अशा वेळी सरळ ‘नाही’ म्हणावं. त्यात लाज नाही. फक्त त्या नकाराला सिद्धान्ताची झूल चढवू नये. एका चिक्कू माणसाच्या नकाराने एखादं घर उपाशी राहतं. त्याचा युक्तिवाद सरकारच्या हाती पडला की मुलूखच्या मुलूख उपाशी मरतो.